चमकी तळाशी बसते

नेलपॉलिशच्या बाटलीत चमकी घालणं कुणालाही जमतं. ती तिथे तरंगती ठेवणं हे खरं काम. चमकी म्हणजे बहुतेक वेळा पॉलिएस्टरची पातळ फिल्म. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या होतात, तेच हे प्लॅस्टिक. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर रंग, आणि मग यंत्रात बारीक कातरण. या प्लॅस्टिकची घनता 1.38च्या आसपास असते. नेलपॉलिशमधली मुख्य द्रावकं ब्युटाइल अ‍ॅसिटेट आणि एथिल अ‍ॅसिटेट. त्यांची घनता 0.9च्या आसपास. शाळेतलं विज्ञान ज्याला थोडंफार आठवतं त्याला पुढचं सांगायला नको. तुळशीबागेतल्या एखाद्या दुकानात बरेच महिने उभी राहिलेली चमकीची बाटली उचलून पाहिली, की खाली दाट गाळ आणि वर जवळजवळ नितळ रस असं दृश्य हमखास दिसतं.

ही अडचण सोडवायचा ध्यास घेतलेल्या माणसांचं एक वेगळंच जग गेल्या पंधराएक वर्षांत उभं राहिलं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा देशांत कुणी एकटीने, कुणी नवऱ्याच्या मदतीने, घरातल्या रिकाम्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये थोडी थोडी नेलपॉलिश घोटून विकू लागलं. या लहान घाण्यांच्या मालाला 'इंडी' नेलपॉलिश म्हणतात. आणि त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या तरी घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, या बाटल्या उघडून नखांवर लावून पाहणाऱ्या, फोटो काढणाऱ्या, चार-पाच दिवस हातावर वागवून मग चांगलं-वाईट लिहिणाऱ्या स्त्रिया होत्या. मोठ्या कंपनीकडे प्रयोगशाळा असते. लहान कारखानदारणीकडे या परीक्षक होत्या. रंग कुठे गळला, चमकी कुठे वाकली, कुठला थर सुकायला अर्धा तास लागला, हे तिला त्यांच्याकडूनच कळत गेलं. इंडी चमकीची कला बनवणारीने जितकी घडवली, तितकीच लावून पाहणारीने घडवली, हा या विभागामागचा धागा आहे. परीक्षणं वाचण्याआधी ही पार्श्वभूमी माहीत असलेली बरी.

बाटलीतली नखरंगाई तशी अलीकडची. अमेरिकेत क्युटेक्सने 1917च्या सुमारास द्रवरूप नेलपॉलिश बाजारात आणलं. 1932 साली चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन सुरू केली, ती दाट, अपारदर्शक रंगाच्या नेलपॉलिशच्या जोरावर. पुढची साठ वर्षं रंग कुठले असावेत हे कंपन्यांनी ठरवलं: लाल, गुलाबी, तपकिरी, फार तर मोतिया. या चौकटीला पहिला ठसठशीत तडा 1995 साली गेला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या दीना मोहाजेर या तरुणीला आपल्या निळ्या सँडलला जुळणारा फिकट निळा रंग कुठेच मिळेना, म्हणून तिने घरीच रंग मिसळून तो केला. लॉस एंजेलिस परिसरातल्या फ्रेड सीगल या दुकानात तो विकला गेला, अभिनेत्री अ‍ॅलिशिया सिल्व्हरस्टोनने टीव्हीवर त्याची जाहिरात फुकटात करून टाकली, आणि 'हार्ड कँडी' नावाची कंपनी उभी राहिली. चार वर्षांत ती एलव्हीएमएच या बड्या फ्रेंच समूहाने विकत घेतली. घरात मिसळलेला रंग बाजार हलवू शकतो, याचा हा पुरावा होता. पण तेव्हा ज्या मुलीला असं काही करायचं होतं तिला कच्चा माल मिळण्याची सोय नव्हती, आणि दुकानदाराशिवाय गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा रस्ताही नव्हता.

दोन्ही गोष्टी नंतर आल्या. हाताने केलेल्या वस्तू विकण्याचा एट्सी हा ऑनलाइन बाजार 2005 साली सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या टीकेबी ट्रेडिंगसारख्या पुरवठादारांकडे तयार बेस मिळू लागला, त्यातही चमकी तोलून धरणारा खास बेस. तोवर हौशी मंडळी दुकानातल्या दोन-तीन बाटल्या एकमेकींत ओतून नवे रंग करत होतीच. फ्रँकन्स्टाइनच्या राक्षसावरून त्या मिश्रणांना 'फ्रँकन' म्हणत. आता थेट मूळ मालापासून सुरुवात करता येऊ लागली. 2011च्या सुमारास लिंडरेला या छोट्या ब्रँडच्या बाटल्यांनी धुमाकूळ घातला. पारदर्शक बेसमध्ये वेगवेगळ्या आकारांची, मापांची, रंगांची चमकी एकत्र. त्यातली 'कनेक्ट द डॉट्स' ही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची बाटली तर इतकी गाजली की तिच्या नकलांचं पीक आलं, मोठ्या कंपन्यांनीही मागे राहायचं नाकारलं. मोठ्यांनी छोट्यांची नक्कल करावी, हा प्रकार सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात तेव्हा रोजचा नव्हता.

मग ब्रँडची रांगच लागली. न्यूयॉर्कचं सर्क कलर्स 2011 सालचं. इंडियाना राज्यातल्या टेरे होट या गावातून केबीशिमर. ऑस्ट्रेलियातलं पिक्चर पॉलिश, ज्याने परीक्षणं लिहिणाऱ्यांनाच बोलावून त्यांच्याबरोबर रंग तयार केले. इंग्लंडच्या ए-इंग्लंडने आर्थर राजाच्या दंतकथांवर आपल्या मालिका बेतल्या. कॅनडात क्रिस्टीन रोटेनबर्ग या यूट्यूबवरच्या लोकप्रिय नखकर्तीने 2016 साली नखांवर नेलपॉलिशचे शंभरावर थर चढवण्याचा व्हिडिओ केला, तो जगभर फिरला. 2019 साली तिने होलो टॅको हा स्वतःचा ब्रँड आणला. म्हणजे परीक्षकच कारखानदार झाली. हा प्रवास या क्षेत्रात इतका स्वाभाविक ठरला की त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

चमकीकडे परत येऊ. आधुनिक चमकीचं जन्मगाव म्हणून न्यू जर्सीतल्या बर्नार्ड्सव्हिलचं नाव घेतलं जातं. हेन्री रुशमन या यंत्रकाराने 1934 साली तिथे कातरणाचं यंत्र बसवलं, आणि त्यातून निघालेली मेडोब्रूक इन्व्हेन्शन्स ही कंपनी आजही चमकी विकते. ज्या न्यू जर्सीत आज मराठी मंडळांचे गणपती बसतात, तिथलीच ही गोष्ट. चमकीचे कण बहुधा षटकोनी असतात, कारण षटकोन एकमेकांना घट्ट भिडतात आणि फिल्म कातरताना काही वाया जात नाही. मापं इंचांत मोजतात: 0.008 म्हणजे जवळजवळ धूळ, 0.015 बारीक, 0.062 म्हणजे नखावर एकेक कण वेगळा ओळखू येईल असा. त्याहून मोठे कण नखाच्या गोलाईवर बसत नाहीत, कडा वर करून उभे राहतात.

नेलपॉलिशमध्ये घालायची चमकी मात्र कुठलीही चालत नाही, आणि नवख्या कारखानदारणी इथेच ठेचकाळतात. मखरावर लावायची किंवा शाळेच्या प्रकल्पात वापरायची चमकी अ‍ॅसिटेटच्या द्रावकात पडली की तिचा रंग सुटू लागतो. दोन आठवड्यांत पांढरा बेस गुलाबी होतो आणि चमकी रुपेरी उरते. पीव्हीसीची असेल तर कण मऊ पडून वाकतात. म्हणून द्रावकाला दाद न देणारी चमकी वेगळी मिळते, ती महाग असते, आणि प्रामाणिक ब्रँड नवा रंग विकायला काढण्याआधी बाटली काही आठवडे तशीच ठेवून पाहतात. परीक्षणात म्हणूनच बाटली किती जुनी आहे हे लिहिणं महत्त्वाचं. ताज्या बाटलीचं कौतुक करणं सोपं असतं.

तळाशी बसण्यावरचा उपाय मातीत सापडला. हेक्टराइट ही एक प्रकारची चिकणमाती, कॅलिफोर्नियातल्या हेक्टर गावावरून नाव पडलेली. तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करून ती नेलपॉलिशमध्ये अगदी थोडी मिसळली, की उभ्या बाटलीतला रस जेलीसारखा आळतो आणि चमकी जागच्या जागी अडकून राहते. बाटली हलवली की तोच रस पातळ होऊन ब्रशवर येतो. आळलेला टोमॅटो सॉस बाटली हलवल्यावर भसकन बाहेर येतो, तसंच हे. पण मातीचं प्रमाण जास्त झालं तर नखावर रेघा उमटतात, कमी झालं तर चमकी खाली बसते. बाटलीत घातलेल्या दोन स्टीलच्या गोळ्या हलवताना खुळखुळतात, त्या या आळलेल्या रसाला फोडण्यासाठी. गोळ्या गंजणाऱ्या असतील तर सहा महिन्यांनी रंग तपकिरी झालेला दिसतो. चांगले ब्रँड गंजरोधक स्टील वापरतात.

बाटलीतला मुख्य पदार्थ कुठला, हे कळलं की घरगुती उत्पादनाबद्दलची गंमत थोडी ओसरते. तो आहे नायट्रोसेल्युलोज. कापसावर किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो तयार होतो. नायट्रोजनचं प्रमाण जास्त असेल तर त्याचीच स्फोटक गनकॉटन होते. मूकपटांच्या काळातली सिनेमाची फिल्मही याच कुळातली. पुण्यात 2003च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला, ती आग या पदार्थाच्या स्वभावाची साक्ष आहे. नेलपॉलिशमधला प्रकार सौम्य असतो आणि द्रावकात विरघळलेला असतो, पण द्रावकंही ज्वालाग्राही. म्हणूनच अमेरिकेचं टपाल खातं नेलपॉलिशची बाटली परदेशी पाठवत नाही, आणि देशातल्या देशात ती फक्त जमिनीवरून जाते. भारतात इंडी चमकी हौसेने लावणाऱ्यांच्या बाटल्या पुष्कळदा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावशीच्या किंवा टोरांटोच्या भाच्याच्या सुटकेसमधून येतात, त्याचं हे कारण.

आपल्याकडे घरच्या टेबलावर असा धंदा का उभा राहिला नाही, याचंही उत्तर इथेच आहे. भारतात विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. नेलपॉलिशबद्दल जुन्या नियमांच्या 'एम-टू' परिशिष्टात तर खास अटी होत्या: जागा औद्योगिक क्षेत्रात असावी, भिंती-छत-दारं आगीला दाद न देणारी असावीत, दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत, वाळूच्या बादल्या ठेवाव्यात, आणि त्या जागेत धूम्रपान, स्वयंपाक व राहणं चालणार नाही. 2020 साली सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम आले. परवान्याची अट राहिलीच. अमेरिकेत याच्या उलट. तिथे सौंदर्यप्रसाधन बाजारात आणण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. 2022च्या नव्या कायद्याने कारखान्यांची नोंदणी सक्तीची केली, तीही वर्षाला सरासरी दहा लाख डॉलरपेक्षा कमी विक्री असलेल्यांना बहुतांशी माफ आहे. त्या सैलपणातून अमेरिकेत एवढी विविधता फुलली हे खरं. पण आपल्या नियमांतली 'स्वयंपाक चालणार नाही' ही ओळ वाचून हसू येत असेल, तर गॅसच्या शेगडीजवळ एकदा नेलपॉलिशची बाटली उघडून पाहण्याचा विचार करावा. विचारच पुरे आहे.

सगळी चमक चमकीचीच नसते. 2008 साली चायना ग्लेझ या कंपनीच्या 'ओएमजी' मालिकेने नखांवर इंद्रधनुष्याच्या रेघा आणल्या. त्यामागचा रंगकण म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर कोरलेल्या समांतर रेघा. प्रकाश त्यांवर आदळून रंगांत विभागला जातो. कॅलिफोर्नियातल्या सांता रोसा इथल्या फ्लेक्स प्रॉडक्ट्स या कंपनीतून असे रंगकण आले. कोन बदलला की रंग बदलणारे तिचे दुसरे रंगकण डॉलरच्या नोटेवरच्या शाईत गेले. आपल्या पाचशेच्या नोटेतला धागा तिरका केला की हिरव्याचा निळा होतो. मल्टिक्रोम नेलपॉलिश पाहताना डोळ्याला तसाच अनुभव येतो, फक्त रंग अधिक आणि नोट मोडावी लागत नाही.

आणि एका बंद पडलेल्या बाटलीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्लारांस या फ्रेंच कंपनीचा 230 क्रमांकाचा जांभळा रंग बाजारातून गेल्यावर त्यातली लालाची हिरवी होणारी झिलई हौशींच्या मनातून जाईना. जुन्या बाटल्या ऑनलाइन लिलावात शेकडो डॉलरना विकल्या गेल्या. त्या झिलईला प्रेमाने मिळालेलं टोपणनाव होतं 'युनिकॉर्नचं मूत्र'. मॅक्स फॅक्टरच्या 'फँटसी फायर'मध्ये तोच कण पातळ प्रमाणात सापडल्यावर त्या स्वस्त बाटलीवरही उड्या पडल्या. एका रंगकणासाठी एवढा आटापिटा वेडेपणाचा म्हणावा, तर पैठणीच्या पदरावरच्या एका छटेसाठी दुकानं पालथी घालणाऱ्यांनी तो म्हणू नये.

आता घरातल्या टेबलाकडे. चमकीचं परीक्षण एकसारख्या रंगाच्या परीक्षणापेक्षा कठीण का, हे ज्याने दोन्ही लावून पाहिलंय त्यालाच समजतं. साधा रंग दोन हात मारले की झाला. चमकीत बाटली आधी काही तास उलटी ठेवावी लागते. ब्रश नेहमीसारखा ओढला की बेस पसरतो आणि चमकी ब्रशबरोबर नखाच्या टोकाकडे घसरते. म्हणून ती ओढायची नाही, टेकवत टेकवत ठेवायची. तरीही पारदर्शक बेसची चमकी नख झाकत नाही. झाकायची तर आत त्याच छटेचा एक हात द्यावा लागतो, किंवा मेकअपच्या स्पंजाचा तुकडा घेऊन त्यावर नेलपॉलिश लावून तो नखावर दाबावा लागतो. स्पंज पातळ रस पितो आणि चमकी दाट बसते. परीक्षणात 'तीन हातांत झाकलं' असं लिहिलेलं असेल आणि ते ब्रशचे की स्पंजाचे हे सांगितलेलं नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

मग पृष्ठभाग. चमकीचा वाळलेला थर बोटाने चाचपला की काचकागदासारखा लागतो, ओढणीचे धागे त्यात अडकतात. वरून पारदर्शक टॉपकोट द्यावा तर भुकेली चमकी तो पिऊन टाकते आणि खडबडीतपणा तसाच. दाट टॉपकोटचे दोन थर हे जाणत्यांचं उत्तर, मध्ये पुरेसा वेळ देऊन. वेळ न देता थर चढवले तर वरचा भाग सुकतो, आतला ओला राहतो, आणि रात्री चादरीची वीण नखावर उमटते. उन्हाळ्यात पंख्याखाली लावलं तर द्रावक झपाट्याने उडतं, बुडबुडे राहतात. पावसाळ्यात दमट हवेत नायट्रोसेल्युलोजवर पांढुरकी धुरकट छटा चढते, हे फर्निचरला लॅकर मारणारे कारागीर जाणतात. त्यामुळे इंडियानाच्या कोरड्या, गरम केलेल्या खोलीत मिळालेला निकाल मुंबईच्या जुलैत तसाच मिळेल असं समजू नये. बाटली घट्ट झाली तर ब्युटाइल अ‍ॅसिटेटवाला थिनर थेंब-थेंब घालावा. रिमूव्हर घालू नये, त्याने बेस बिघडतो.

उजेड हा वेगळाच विषय. इंद्रधनुषी रेघा दिसायला प्रकाश एका बिंदूतून यावा लागतो: सूर्य, मोबाइलचा दिवा, दुकानातला छोटा एलईडी. ढगाळ दिवशी किंवा ट्यूबलाइटखाली प्रकाश सगळीकडून येतो, रंग एकमेकांवर पडून पुसले जातात, आणि तीच नखं करडी दिसतात. चमकीचं तसं नाही. तिचे कण नखाच्या गोलाईवर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणून मंद उजेडातही एखादा तरी लुकलुकतो. पण ही लुकलुक फोटोत येत नाही. आपल्या दोन डोळ्यांना एकाच क्षणी वेगवेगळे कण चमकताना दिसतात. त्या तफावतीतूनच चमचमीचा भास होतो. कॅमेऱ्याला एकच डोळा. म्हणूनच अनुभवी परीक्षक मुद्दाम एक फोटो अस्पष्ट काढतात: त्यात कणांचे आकार हरवतात, पण त्यांतून सुटणारे रंग मोठे ठिपके होऊन दिसतात. उन्हातला एक, सावलीतला एक, दिव्याखालचा एक आणि हा अस्पष्ट, असे चार फोटो असलेलं परीक्षण एका झगमगीत फोटोपेक्षा केव्हाही विश्वासाचं.

टिकण्याची कसोटी घरोघर वेगळी. पाश्चात्त्य परीक्षणांत 'सात दिवस टिकलं' असं वाचताना त्या सात दिवसांत कणीक मळलेली नाही, हे ध्यानात ठेवावं. नखं पाण्यात फुगतात आणि वाळताना आकसतात. दिवसातून तीनदा भांडी घासली तर रंगाचा थर टोकाकडून सुटू लागतो. हळदीचा प्रश्न तर त्यांच्या गावीच नाही. फिकट किंवा पारदर्शक टॉपकोटवर हळदीचा पिवळा डाग पक्का बसतो आणि रुपेरी इंद्रधनुषी रंग दुपारपर्यंत पितळी दिसू लागतो. हळदीतलं करक्युमिन प्रकाशात विघटित होतं, त्यामुळे उन्हात काही वेळ हात ठेवला की डाग फिका पडतो. पण पोह्यांची फोडणी रोज असते. आपल्याकडच्या परीक्षणात हळदीची चाचणी हवीच, आणि हाताने जेवणाऱ्यांसाठी टोकाची चमकी सुटते का, तीही. नखं महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतात, त्यामुळे मुळाशी दिसणाऱ्या मोकळ्या पट्टीबद्दल बाटलीला दोष देऊ नये.

काढणं हा चमकीचा खरा हिशेब. साधा रंग कापसाच्या दोन बोळ्यांत जातो. चमकी नखाला धरून बसते आणि घासायला गेलं तर नखाचा वरचा थर घेऊन येते. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायचं आणि आठ-दहा मिनिटं थांबायचं, हा नेहमीचा इलाज. दुसरा इलाज आधीचाच: पाण्यात विरघळवलेल्या पांढऱ्या डिंकाचा, म्हणजे पीव्हीए गोंदाचा, थर खाली द्यायचा. वर लावलेली चमकी मग पापुद्र्यासारखी सोलून निघते. अमेरिकेत यासाठी शाळेतला एल्मर्स गोंद वापरला गेला आणि मग कंपन्यांनी तसे तयार बेस बाटल्यांत भरून विकले. यातला तोटा उघड आहे: जे सोलून निघतं ते भांडी घासतानाही सोलून निघू शकतं. म्हणून परीक्षणात रंग कसा निघाला हे ज्याने लिहिलं नाही, त्याने अर्धंच काम केलं असं समजायला हरकत नाही.

बाटलीवरच्या 'थ्री-फ्री', 'टेन-फ्री' अशा दाव्यांकडे थोडं संशयाने पाहावं. मूळ तीन म्हणजे टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट. ते वगळणं चांगलंच. पण पुढे आकडा वाढवण्याची चढाओढ लागली आणि नेलपॉलिशमध्ये कधी नव्हतेच असे पदार्थही यादीत आले. कॅलिफोर्नियाच्या विषारी पदार्थ नियंत्रण विभागाने 2012 साली सलूनमधल्या 25 उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा 'टोल्युइन नाही' म्हणणाऱ्या 12पैकी 10 उत्पादनांत ते सापडलं. थॅलेटच्या जागी कित्येकांनी ट्रायफेनिल फॉस्फेट घातलं. 2015च्या एका अभ्यासात 26 स्त्रियांना ते असलेली नेलपॉलिश लावून 10 ते 14 तासांनी तपासलं, तर लघवीतलं त्याच्या अवशेषाचं प्रमाण जवळजवळ सातपट झालेलं आढळलं. आणि नेलपॉलिशची अ‍ॅलर्जी बोटांवर न उठता पापण्यांवर उठते, कारण हात सतत डोळ्यांकडे जातो. नवीन बाटली लावल्यावर पापणी चुरचुरली तर काजळाआधी नखांवर संशय घ्यावा.

परीक्षकांना ब्रँडकडून मिळणाऱ्या फुकट बाटल्यांबद्दल दोन वाक्यं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 साली, आणि भारतात जाहिरात मानक परिषदेने 2021 साली, मिळालेला माल वा पैसा जाहीर करण्याचे नियम केले. जाहीर करणाऱ्याचं परीक्षण खरं असतंच असं नाही, पण लपवणाऱ्याचं वाचण्यात वेळ घालवू नये.

युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023पासून सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले. प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीवर लगेच गदा आली. नेलपॉलिशला 2035पर्यंत मुदत आहे, 2031पासून मात्र बाटलीवर तसं लिहावं लागेल. त्यामुळे लाकडाच्या सेल्युलोजपासून केलेल्या चमकीकडे छोटे ब्रँड आत्तापासून वळू लागले आहेत. ती अ‍ॅसिटेटच्या द्रावकात किती दिवस तग धरते, रंग सोडते का, तळाशी किती लवकर बसते, हे प्रश्न पुन्हा नव्याने उभे आहेत, आणि त्यांची उत्तरं पुन्हा घरातल्या टेबलांवरच शोधली जातील.

पुढच्या पानांवरची परीक्षणं रंगांनुसार लावलेली नाहीत. काढायला सगळ्यात सोपी बाटली आधी आणि सगळ्यात हट्टी शेवटी, असा क्रम आहे. प्रत्येक परीक्षणात बाटलीचं वय, हवा, किती हात आणि कशाने, हळदीनंतरचा रंग आणि फॉइलखाली लागलेला वेळ दिला आहे. किमती डॉलरमध्ये आहेत, साधारण दहा ते पंधरा. त्यात मावशीच्या सुटकेसमधली जागा धरलेली नाही.